तिसरं मशीन

शिंप्याच्या दुकानात शिलाई मशीनं तीन. दोन दिवसभर खडखडत असत. तिसरं भिंतीलगत, तसंच काळं, तसंच चाकाचं. पण बारा वर्षांत त्यानं एक टाका घातला नव्हता. थोरली बहीण आली की म्हणे, "भंगारात घाल ते." तो म्हणे, "असू दे की ताई, खायला मागतं का?"

आता त्याच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला होता. धाकट्या भावाचं रक्त तपासलं, जुळलं नाही. उरली ही एकच बहीण. तिचा अहवाल आधीच तयार होता. आज शिंप्याचा आला, की दोन्ही ताडून बघायचे.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही जनुकं म्हणजे शरीराची ओळखपत्रं. आपला कोण, परका कोण, ते यावरून ठरतं. प्रत्येकाच्या प्रती दोनच, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या एका जनुकाच्या तीन दिसताहेत. असं कसं जुळवू?"

शिंप्यानं शेजारी बसलेल्या बहिणीकडे बघितलं.

"नवल नाही," बहीण म्हणाली. "लहानपणापासून याला सगळं एक जास्तच लागतं."

"ताई, जरा गप्प बस."

"किडनी माझी जाणार. तोंड तरी चालू दे."

बाई आत गेल्या, त्या अर्ध्या तासानं बाहेर आल्या.

"घोळ आमच्या तपासणीच्या नव्या किटचा. ताईंची तपासणी जुन्या किटनं झाली होती. या जनुकाच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं एक असतं, पण मोडकं. काम काही करत नाही, पिढ्यानपिढ्या नुसतं बसून आहे. किटनं त्यालाही मोजलं."

शिंप्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे दारातून बघणाऱ्याला माझी मशीनं तीन दिसतात, शिवतात मात्र दोनच."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "वीस वर्षं मी हे लोकांना समजावतेय. तुमचं मशीन उदाहरणाला घेऊ का?"

"घ्या. फक्त नेऊ नका."

जुन्या किटनं पुन्हा तपासणी झाली. तिसरी प्रत गायब. उरलेल्या दोन प्रती बहिणीच्या दोन प्रतींशी जुळल्या, बाकीची जनुकंही जुळली.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी बहीण दुकानात आली. पदरानं तिनं तिसऱ्या मशीनवरची धूळ पुसली.

"भंगारवाल्याला बोलावू?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"राहू दे. बाई म्हणाल्या, माझ्यातही तसलं एक बसून आहे," ती म्हणाली. "त्याला मी कुठल्या भंगारात घालू? चल, उशीर होतोय."