केसरबाईंचं केसिंग

रावेतच्या सोसायटीच्या ग्रुपवर आनंद मेळाव्यातल्या स्टॉलसाठी मेसेज पडला, आणि पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या दिव्याने त्याखाली ‘घरगुती पिझ्झा’ असं लिहिलं. ते वाचून अंजलीचा अंगठा डोक्याच्या पुढे धावला. तिने ‘घरगुती हॉट डॉग’ असं टाकून दिलं आणि मग नवऱ्याला विचारलं, “अहो, हॉट डॉग घरी करतात कसे?”

बुद्धरत्न चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळायचा. पण लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे तोंडात आलेलं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं.

अंजलीचा बेत सरळ होता. फ्रोझन पाकिटं आणायची, तळायची आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात खोल पुरायची. तेवढ्यात दादासाहेबांचा मेसेज आला. दादासाहेब सोसायटीचे चेअरमन. लिफ्टमध्ये भेटले तरी सभेला उभे असल्यासारखे बोलायचे. ‘कृपया नोंद घ्यावी. विकतचे पदार्थ आढळल्यास स्टॉल बंद करण्यात येईल.’

मग बुद्धरत्नने चार रात्री व्हिडिओ बघितले. खिमा, लसूण, मिरी, बर्फाचं पाणी, सगळं जमण्यासारखं होतं. अडचण होती ती खिमा ज्यात भरायचा त्या बारीक नळीची. तिला केसिंग म्हणतात हे त्याला कळलं, त्याने ती ऑनलाइन मागवली, आणि शुक्रवारी जी आली तिच्यात त्याची पोटरी सहज गेली असती. मेळावा रविवारी होता.

त्याने भोसरीला आईला फोन केला, तो खरं तर चकलीचा सोऱ्या मागायला.

“जानेवारीत चकल्या?” केसरबाई म्हणाल्या.

“चकल्या नाही गं. खिमा भरायचाय. लांबट नळीत.”

“आतड्यात म्हन की.”

तिकडे बाई कामालाही लागल्या होत्या. “उद्या सकाळी मटणवाल्याकडून आतडी घिऊन येते. सोऱ्याला म्होरं लांब नळी लागंल, ती तू बघ.”

केसरबाईंनी भोसरीत बावीस वर्षं खाणावळ चालवली होती. खोल्या भाड्याने घेऊन राहणारी, वर्कशॉपमधली एकटी पोरं त्यांच्याकडे जेवायची, आणि रविवारी आतड्यांची वजडी असली की ताटं घेऊन गल्लीपर्यंत रांग लागायची. आतडी धुण्याच्या वासात बुद्धरत्न लहानाचा मोठा झाला होता. शाळेत एका पोराने त्याच्या सदऱ्याचा वास घेऊन नाक धरलं होतं. ते पोरगं पुढे नापास झालं, तरी ते धरलेलं नाक बुद्धरत्नच्या डोक्यातून गेलं नव्हतं. वजडी तो अजून खायचा, पण भोसरीत. रावेतच्या फ्लॅटमध्ये ती कधी शिजली नव्हती.

नळीचं काम त्याच संध्याकाळी ज्योतीरामने केलं. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, भोसरीतच लेथ मशीन चालवायचा. त्याने स्टीलची नळी लेथवर कातून सोऱ्याच्या जाळीत चपखल बसवली आणि म्हणाला, “भावा, एवढ्या मापात तर मी कंपनीचा जॉब पण देत नाही.”

शनिवारी सकाळी केसरबाई दोन डबे घेऊन आल्या आणि थेट बाथरूममध्ये घुसल्या. अंजलीच्या हौसेच्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर पाट टाकून बसल्या. एकेक आतडं नळाला लावलं, पाणी सोडलं, काडीने उलटं केलं, चमच्याच्या पाठीने खरवडलं. मीठ, हळद, लिंबू. पुन्हा पाणी. अंजलीने घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या. मग जीव गुदमरला म्हणून सगळ्या उघडल्या. मग शेजारी वास जाईल म्हणून सहा अगरबत्त्या एकदम पेटवल्या.

“आई, हे... स्वच्छ होईल ना?”

“पाच पान्यातनं काढलंय. तुजी भांडी घासनारी कपबशीसुदा एवढी धूत न्हाई.”

पाचव्या पाण्यानंतर आतडी खरंच मोगऱ्याच्या कळीसारखी पांढरी निघाली. वास गेला. सोऱ्यातून खिमा सरसर उतरायला लागला. केसरबाई दर वितीवर पीळ देत गेल्या आणि ओट्यावर वीस हॉट डॉगची माळ तयार झाली. बुद्धरत्नला इतका आनंद झाला की त्याने ती उकळत्या पाण्यात सोडली. फाट, फाट, फाट. वीसपैकी चौदा फुटले.

“सत्तर टक्के रिजेक्शन,” तो कपाळाला हात लावून म्हणाला.

“तुज्या टाळक्याचं रिजेक्शन!” केसरबाईंनी गॅस बारीक केला. “पान्याला उकळी न्हाई फुटू द्यायची. बोट बुडवून बगायचं. चटका बसला पायजे, पर बोंब मारायची येळ न्हाई आली पायजे.”

दुसऱ्या खेपेला एकही फुटला नाही. संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये शंभरावर हॉट डॉग झोपले होते. तव्यावर एक परतून बघितला, तर वरचं साल दाताखाली कटकन तुटलं आणि आतून रस आला. अंजलीने डोळे मिटून खाल्ला आणि डोळे मिटूनच दुसरा मागितला.

मग रविवारी खाली जायच्या आधी बुद्धरत्नने आईला बाजूला घेतलं. “आई, कुणी विचारलं तर केसिंग म्हण.”

“क्येसिंग म्हंजी?”

“आतडंच.”

“मंग आतडंच म्हनते की.”

“नको गं. इथले लोक वेगळे आहेत.”

केसरबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि पदर खोचला. “बरं. क्येसिंग तर क्येसिंग.” तेवढंच. पण त्यापेक्षा आईने शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

स्टॉलवर उभं राहायला जागा उरली नाही. पावात हॉट डॉग, वर कांदा आणि केसरबाईंची लसणाची चटणी. दिव्या स्वतःचा पिझ्झा सोडून रांगेत उभी राहिली, हे अंजलीने तीन जणांना दाखवलं. दादासाहेब तपासणी म्हणून आले आणि दोन खाऊन तपासणी संपवली. तिसरा हातात धरून म्हणाले, “ताई, अप्रतिम. कृपया सांगा, हे वरचं आवरण कशाचं?”

“क्येसिंग,” केसरबाई म्हणाल्या.

“म्हणजे नेमकं काय?”

केसरबाईंनी मुलाकडे बघितलं. त्या चिडल्या नव्हत्या. आपल्याला पुढचं पाठ करून दिलेलं नाही, ते याने सांगावं, एवढंच त्यांच्या नजरेत होतं. रांगेतली वीसेक माणसंही बुद्धरत्नकडे बघायला लागली. जिभेवर एक-दोन गुळगुळीत शब्द आले होते. मग त्याला आईची ती पाण्याने सुरकुतलेली बोटं दिसली आणि स्वतःचीच शिसारी आली.

“बोकडाचं आतडं,” तो जरा मोठ्यानेच म्हणाला. “माझ्या आईने पाच पाण्यांत धुतलंय. आमच्याकडे पहिल्यापासून खातात.”

रांगेतून एक बाई “ई!” म्हणून बाजूला झाल्या. त्यांच्या मागची दोघं गेली. सी विंगमधल्या एका गृहस्थाने तोंडातला घास कुंडीत थुंकला. दादासाहेबांचा जबडा थांबला होता. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. त्यांनी घास सावकाश चावला, गिळला, आणि चाळीस वर्षं इस्त्रीत ठेवलेली त्यांची भाषा एका दमात चुरगळली.

“आतडं व्हय? मंग आदी न्हाई का सांगायचं! आमच्या गावच्या जत्रंला माजा चुलता करायचा. पन्नास वर्सं झाली खाऊन.”

“अहो!” त्यांच्या मिसेस म्हणाल्या.

“अहो काय अहो! आन अजून एक.”

पाव संपेपर्यंत स्टॉल चालला. निम्मी रांग गेली होती, पण उरलेल्या निम्म्यांनी गेलेल्यांच्या वाटणीचंही खाल्लं. ग्रुपवर त्या रात्री मेसेज पडला, की पुढच्या वर्षी मांसाहारी पदार्थांची यादी आधी कमिटीला द्यावी. अंजलीने खाली लिहिलं, ‘यादी आत्ताच घ्या: आतडं.’ आणि पुढे टाळ्यांचा इमोजीसुद्धा टाकला नाही.

बुद्धरत्न आईला भोसरीला सोडायला निघाला. गाडीत तो बराच वेळ शब्द जुळवत होता.

“आई, ते सकाळी मी...”

“म्होरं बघ, म्होरं. टेम्पो हाय,” केसरबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “उशिरा बोललास. पर आवाज चांगला काढलास.”

पुढच्या आठवड्यात दादासाहेबांचा फोन आला. जावई येणार होता, तीस हॉट डॉग हवे होते. केसरबाई म्हणाल्या, भरून देते, पण धुवायला माणूस लागंल. रविवारी सकाळी बुद्धरत्न भोसरीला पोचला तेव्हा मोरीत, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, चेअरमन पाटावर बसले होते.

“उलटं करा, उलटं!” केसरबाई वरून ओरडत होत्या. “सोसायटी कशी चालिवता ओ तुमी? साधं आतडं उलटं करता येईना!”