बंबाची लाकडं

“नुसता भुसा हाय ह्या लाकडात. धूर लई, धग न्हाय,” बंबासमोर बसलेली निंगव्वा स्वतःशीच पुटपुटत होती. शेजारी धुणं भिजवणाऱ्या तिच्या सुनेनं, शिवलीलानं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाकडं डाळिंबाची होती. गेल्या वर्षी धाकट्या दिराची, महेश्वरची, बाग वाळली आणि त्यानं ती मुळासकट उपटली, त्यातली. वाटणीवरनं चार वर्षं तो आणि शिवलीलाचा नवरा मल्लिनाथ, या दोघा भावांत बोलणं नव्हतं. मग एका सकाळी महेश्वरनं आपणहून ट्रॉलीभर खोडं आणून यांच्या बागेच्या बांधाला रचली. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, बंबाला होतील म्हणाला. मल्लिनाथनं भावाला चहा पाजला आणि त्या दिवशी घरात पुरण शिजलं.

आठ दिवसांत शिवलीलाला ढिगाखाली पिठासारखी भुकटी दिसली. खोडांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. तिनं केरसुणी आणून भुकटी झाडून टाकली. कशीबशी जुळलेली माणसं चिमूटभर भुकटीपायी कोण तोडणार?

यंदा बहरासाठी बागेचं पाणी तोडून ताण दिला, आणि ढिगालगतची ओळ आधी वाळली. मग तिच्या पलीकडची. खोडांतून तिळाएवढे काळे भुंगेरे निघाले. मल्लिनाथनं रोपवाल्याला शिव्या दिल्या, मग खताला, मग ताण जास्त झाला म्हणून स्वतःला. गेरूत औषध कालवून खोडांना फासून झालं. वाळण कुठून निघाली ते आंधळ्यालाही कळलं असतं. पण या घरात सगळे डोळस.

शेवटी सहाशे झाडं उपटायची ठरली. महेश्वर मदतीला आला. दुपारी त्याच ढिगावर बसून त्यानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, आणि भावाला समजावलं, की उपटलेलं खोड बांधावर ठेवू नको, त्याच दिवशी जाळ. गेल्या वर्षी बाग उपटताना त्यालाही कृषी सहायकानं तसंच बजावलं होतं म्हणे.

मल्लिनाथचा घास हातातच राहिला. मग त्यानं पाण्याचा तांब्या भावाकडं सरकवला. निंगव्वा आभाळ बघायला लागली.

शिवलीलानं भाकरीच्या फडक्याला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“भावजी,” ती म्हणाली, “जाळा म्हणून सांगितलेली लाकडं तुमी आमच्या बांधाला आणून लावली. आन् भुकटी बघून मी गप बसले.”