अडत्याचं लायसन

तेव्हा बाजारात भाव ठरायचा रुमालाखाली. दोन व्यापारी रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला खुळ्यासारखा उभा! तोतारामला याची भारी चीड. पिंपळखेड्यात ओट्यावर काटा टांगून तो भुईमुगाच्या शेंगा घ्यायचा आणि भाव चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. म्हणून तर माल त्याच्याकडे यायचा.

मग बाजार समितीचा कायदा आला. उघडा लिलाव, तपासलेली वजनं, लायसन. तोताराम हरखून गेला. समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या जागेवर त्यानं आपला साडू जीवराम उभा केला, सायकल दामटत गावोगाव मतं मागितली. जीवराम निवडून आला. रुमाल बंद झाला, आणि खोटं कशाला बोला, ते चांगलंच झालं.

सहा महिन्यांनी तोतारामनं अडत्याच्या लायसनचा अर्ज केला. लायसन नसेल तर ओट्यावरचा काटाही बंद. समितीच्या यार्डात जीवरामनं त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, नाही जमत. पक्का गाळा लागतो, वर दोन जुन्या अडत्यांची शिफारस."

"अरे, जुने अडते माझी शिफारस करतील? मी त्यांचंच गिऱ्हाईक ओढतो ना!"

"शेतकऱ्याचे पैसे बुडू नयेत म्हणून नियम आहे."

"माझ्याकडे कुणाचे बुडले? एक नाव सांग."

जीवराम टोपी नीट करू लागला.

"नियम आणला कुणी?"

"समितीतल्या व्यापाऱ्यांच्या मांगीलालशेठनं मांडला."

"आणि तू?"

"मीही हात वर केला." जीवराम खाली बघत म्हणाला, "एकच गाळा शिल्लक होता. आपल्या पोराच्या, वसंताच्या नावावर घेतला. शिफारस शेठनंच दिली."

मांगीलालचा तोतारामला राग नव्हता. तो व्यापारी, आपलं दुकान राखणारच. पण हा? याला आत बसवायला आपण उन्हातान्हात मर मर मेलो!

"मनावर घेऊ नको," जीवराम म्हणाला. "वसंताच्या गाळ्यावर तोलायला ये. मापाड्याचं लायसन उद्याच काढून देतो."

"थू तुझ्या लायसनवर!" म्हणून तोताराम निघाला.

मंगळवारी नेहमीचा शेतकरी झुलाल शेंगांची गाडी घेऊन ओट्यापाशी आला. काटा नाही म्हटल्यावर बिचारा गोंधळला.

"मग कुणाकडे घालू, भाऊ? जीवरामआबांकडे? तुम्हीच तर म्हणाला होता, तो आपला माणूस आहे."

तोतारामनं बैलाची वेसण धरून गाडी यार्डाच्या रस्त्याला लावून दिली.