टवका उडालेली काशाची वाटी

मी काशाची वाटी बोलतेय. स्वभावानं शक्की आहे, हे आधीच सांगून ठेवते. कुणी माझी तारीफ केली की मला वाटतं, यात कुठंतरी पाणी मुरतंय.

सिद्धम्माच्या लग्नात तिच्या आईनं मला इतर भांड्यांबरोबर दिलं. पिंगळीत स्टेशनाजवळ तिच्या नवऱ्याचं, बसवंतरावांचं, किराणा दुकान आहे आणि मागं घर. पहिली काही वर्षं माझ्यात वरण वाढायचे. मग स्टील आलं आणि मी फळीवर गेले. एकदा तिथून उंबऱ्यावर पडले, काठाचा टवका उडाला. फुटकं भांडं घरात नको, असं बसवंतराव म्हणत होते. तेवढ्यात सिद्धम्माच्या तळपायांची आग सुरू झाली, म्हणून मी वाचले. दुसऱ्याच्या दुखण्यावर जगलेलं भांडं शक्की नाही होणार तर काय?

"मिरच्या चोळल्यागत होयलंय," असं म्हणत सिद्धम्मा पायाला ओला टॉवेल गुंडाळून बसायची. तिची नात शिवानी सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या क्लासला रोज रेल्वेनं परभणीला जाते. दुपारी आली की ती आज्जीच्या तळव्याला तूप लावून मला गोल गोल फिरवायची. थोड्या वेळात तळवा काळा पडायचा.

"बघितलं का, किती उष्णता भरलीया," शेजारची कस्तुराबाई म्हणायची. "समदी वाटीनं ओढली."

मला हे पटत नव्हतं. ते काळं माझ्या अंगाचं होतं, तुपात घासून निघालेलं. कस्तुराबाईनं एकदा हौसेनं स्वतःचे पाय चोळून घेतले. तिच्या पायांची आग कधीच होत नव्हती, तरी काळं निघालंच. त्यावर तिच्याही अंगात उष्णता आहे, असं ठरवून दोघी मोकळ्या झाल्या. घ्या.

दुसरा शक मला सिद्धम्माचाच होता. तूप तळव्याला, पण तोंडाला नाही. चहा कोरा. ताटातली दह्याची वाटी ती हळूच बसवंतरावांकडं सरकवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "म्हातारपणी नको वाटतंय."

मग होळीच्या सुमारास एक दिवस ती म्हणाली, "आग थांबली गं."

घरात आनंद झाला. कस्तुराबाई मला बघायला आणखी दोन बायकांना घेऊन आली. मला मात्र शक आला. पूर्वी मी जरा कलले की टवका उडालेला काठ टाचेला लागायचा आणि सिद्धम्मा ओरडायची, "हळू गं, टोचायलंय." ते ओरडणं कधीपासून बंद झालं होतं. माझ्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि मला तर सांगता येत नव्हतं.

एका दुपारी तो फुटका काठ टाचेवरून चांगला फरफटला. सिद्धम्मा कस्तुराबाईच्या म्हशीबद्दल बोलत होती, ती बोलतच राहिली. काळ्या तुपात लाल रेघ उमटली. शिवानीनं घाबरून पाय उचलला आणि उजेडात धरला. ओरखडा ताजा होता. पण त्याच्या शेजारी बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती सूज होती.

"आज्जी, हे दुखंना का?"

"काय दुखायचंय? काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीनं परभणीला गेल्या. सिद्धम्मानं मलाही पिशवीत घेतलं. "डॉक्टरला दाखवू, हिनंच आग काढली," म्हणाली. मला लाजच वाटली.

डॉक्टरबाईंनी काटा काढून जखम धुतली. मग चिमट्यासारखं एक लोखंडी उपकरण आपटून, ते थरथरत असतानाच सिद्धम्माच्या अंगठ्याला टेकवलं. त्याचा आवाज मला पिशवीत ऐकू येत होता.

"आज्जी, काही थरथरतंय का?"

"न्हाई बाई."

"आग थांबली नाही, पाय बधिर झालेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखरेनं होतं, थायरॉईडनं होतं, बी-बारा कमी झाल्यावरही होतं. तपासल्याशिवाय कळायचं नाही. मटण-अंडी नसतील, पण दूध-दही खाता ना? बी-बारा त्यातूनच मिळतं."

सिद्धम्मानं पिशवी मांडीवर ओढली. शिवानीनं दोनदा विचारलं तेव्हा ती पुटपुटली, "महादेवाला बोललेय. हिला नोकरी लागंपर्यंत दूध, दही, तूप बंद. चार वर्षं झाली."

शिवानीचे डोळे भरून आले. नवस तिच्यासाठी होता, आणि त्यातून आलेली आग शमवायला तीच मला हातात धरून आज्जीचे पाय चोळत होती.

रक्त तपासलं. साखर ठीक निघाली, बी-बारा फार कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. अनवाणी फिरणं बंद, रोज तळवा बघायचा आणि जखम भरेपर्यंत वाटी बंद. दूध घ्यायला मात्र सिद्धम्मा तयार होईना. बोललेलं मोडायचं नसतं, म्हणाली. मग शिवानीनंही चहा कोरा घेतला. "तुमी घेईपर्यंत मी पण न्हाई." तिसऱ्या दिवशी सिद्धम्मानं महादेवापुढं हात जोडले आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

मी पाच महिने फळीवर होते. आता भांडीवाल्याकडं मोडीत जाणार, असं मी धरूनच चालले होते. गेल्या आठवड्यात सिद्धम्मानं स्वतःच मला मागितलं. शिवानीनं फुटक्या काठावर बोट धरलं होतं, पण तुपानं ते निसटलं.

"हळू गं. टोचायलंय."

मला वाटलं, सवयीनं म्हणाली असेल. शिवानीलाही तसंच वाटलं असावं. ती म्हणाली, "डोळे मिटा आज्जी. आता सांगा, कुठं?"

"डाव्या टाचंला. आन् आगबी होयलीय जरा."

शिवानी हसली आणि रडलीसुद्धा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, नसा जाग्या होताना असं होतं.

तळपायांची आग होत असेल तर मला खुशाल फिरवा, बरं वाटतं. पण आधी तळवा उजेडात बघा आणि तपासून घ्या. काळं निघालं म्हणून माझी तारीफ तेवढी करू नका. पिंगळीच्या या घरात आता रोज दुपारी मी 'टोचायलंय'च्या शिव्या खाते, आणि त्या ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही.