बिनसुरकुतीची सीट

मास्तरांच्या नाकावर माशी बसत नसे, आणि त्यांनी शिवलेल्या सीटवर सुरकुती. गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागच्या सीटचे बेल्ट, त्यांची बकलं, सगळं ते कव्हराखाली दडपून वरून घट्ट शिवून टाकत. मागे बसून बेल्ट लावतंय कोण? उगीच पाठीला टोचतात मेले. गिऱ्हाईक सीटवरून हात फिरवून म्हणे, "वा, काय गुळगुळीत!" आणि मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढे. स्वतःची गाडी तर त्यांनी हौसेनं शिवली होती.

आता ते रुग्णालयातल्या खाटेशेजारी बसले होते. पडद्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं. खाटेवर बायको होती, डोक्याला पट्टी, मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन होऊनही तिनं डोळे उघडले नव्हते. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

डुलकी लागली की गाडी पुन्हा चालू होई. वळणावर समोरून ट्रक येई, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखा. मग सगळं पाण्याखाली घडावं तसं घडे. काचेचा चुरा तरंगत राही. बेल्ट मास्तरांना सीटशी धरून ठेवी, हट्टी पोराला धरावं तसा. आणि मागच्या सीटवरून बायको उचलली जाई, केस मोकळे, एक चप्पल पायातून सुटलेली, आणि हळूहळू त्यांच्याकडे येई. ते हात पसरत. हात कधीच पोचत नसत.

जाग आली की छातीवरचा निळा वळ ठणके. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बेल्टनं वळ उठवला, पण तुम्हाला वाचवलं. मागे बेल्ट नव्हता का?"



ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिची बोटं हलली.

"अहो..."

"बोल गं, इथंच आहे मी." मास्तरांना रडूच फुटलं.

"रडताय काय? वळणाआधी तुम्ही गाडी पळवत होतात ना, मला भीती वाटली. म्हटलं, बेल्ट लावावा. सगळीकडे चाचपलं." ती दमून थांबली. मग हसली, दुकानात गिऱ्हाइकांसमोर हसे तशीच, कौतुकानं. "पण तुमचं शिवण! नख शिरायला फट नाही कुठं."

मास्तरांनी तिचा हात गालाशी धरला. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"मीच शिवून टाकला होता गं आत. तुझाच काय, सगळ्या गिऱ्हाइकांचेच."



"मग त्यांचे उसवून या आधी," ती डोळे मिटत म्हणाली. "मी काय, पळून थोडीच जातेय?"

तिला झोप लागेपर्यंत मास्तर हात धरून बसले. मग दुकानाची किल्ली घेऊन उठले.