मालकांची गाठ मी मोजली तेव्हा

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या गळ्यातली जुनी टेप आहे. नवी होते तेव्हा मी पिवळीधमक होते. आता माझे पहिले तीन आकडे पुसले गेले आहेत. एकतीस वर्षं मी लोकांची पोटं मोजली. श्वास ओढून ताठ उभे राहणारे नवरदेव मी दुरून ओळखते. "पोट सोडा," मालक म्हणत, "लग्नात जेवणार आहात ना?"

एकदा मालकांचंच पोट दुखलं. निघाला मूतखडा, पण त्याच स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या टोकाला एक गाठ दिसली. चौदा मिलिमीटर, सावकाश वाढणाऱ्या जातीची. खडा पडून गेला, गाठ राहिली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन सेंटिमीटरच्या आत आहे, त्रासही देत नाही. ऑपरेशन मोठं असतं, पुढे मधुमेह लागू शकतो. सध्या लक्ष ठेवू. ठरल्या तारखेला स्कॅन करत राहू."

मालकीणबाई भडकल्या. "पोटात गाठ आणि नुसतं बघत बसायचं? सिनेमा आहे का?"

घरी मालकांनी फिल्म खिडकीच्या काचेला धरली आणि मला गाठीवर टेकवलं. "पाच मिलिमीटर! त्यांची टेप आटलेली आहे." दुसऱ्या दिवशी ते पुरावा म्हणून मला घेऊन दवाखान्यात हजर.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "फिल्मवर तुमचं पोट माझ्या तळहाताएवढं छापलंय. खरं पोट तेवढंच आहे का?"

"छे हो!" मालकीणबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी शरमेने खिशातून डोकं वर काढलं नाही.

तीन वर्षांनी जुनं मशीन बंद होतं, म्हणून मालकांनी दुसरीकडे स्कॅन केला. रिपोर्टात सतरा. मालक घाबरून म्हणाले, "कापा! आजच कापा!" डॉक्टरबाईंनी जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून स्वतः मोजलं. "पंधरा. मशीन बदललं, मोजणारा बदलला, की एकदोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात."

हे मालकांना लगेच पटलं. "खरंय. माझ्या भावाने मोजलेल्या कंबरेवर मी कधी कात्री लावत नाही." तेव्हापासून मशीन एकच आणि मोजणाऱ्या डॉक्टरबाईच.

सहाव्या वर्षी त्याच मशीनवर बावीस आले. "आता काढायला हवी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मालक टेबलाची कड चाचपत राहिले. "दोनच मिलिमीटर तर वर आहे. अजून सहा महिने बघू या."

सोबत आलेल्या ताई, म्हणजे मालकांची लेक, म्हणाल्या, "बाबा, कॉलर दोन मिलिमीटरने चुकली म्हणून तुम्ही अख्खा शर्ट उसवता."

मालकांनी मला गळ्यातून काढलं. नीट गुंडाळलं. मग म्हणाले, "तारीख द्या."

गाठ गेली. स्वादुपिंडाचं टोक गेलं, शेजारची प्लीहाही गेली. "आता काय मोजायचं?" मालकांनी विचारलं.

"आता परत उगवत नाही ना, ते बघायचं. दहा वर्षं तरी यायचं."

"म्हणजे दहा वर्षं जगावं लागणार!"

"मग? दुसरं काय काम आहे तुम्हाला?" मालकीणबाई म्हणाल्या.

मालक सात वर्षं तपासणीला जात राहिले. एकही तारीख चुकवली नाही. प्रत्येक रिपोर्ट स्वच्छ आला. मग एका दुपारी, एका पँटची मोहरी दुमडता दुमडता, त्यांचं हृदय थांबलं. गाठीचा त्यात काही हात नव्हता.

दोन महिन्यांनी ताई दुकान आवरत होत्या. मी शिलाई मशीनवर पडून होते. फोन वाजला.

"उद्या काकांचा स्कॅन आहे. उपाशीपोटी घेऊन या."

"बाबा गेले," ताई म्हणाल्या.

पलीकडची दवाखान्यातली मुलगी सवयीने म्हणाली, "बरं. मग पुढची तारीख कधीची देऊ?"

ताईंना हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पलीकडची मुलगी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली आणि ताई डोळे पुसत तिलाच समजावत राहिल्या, "अगं, असू दे."

मित्रांनो, ज्यांना अजून पुढची तारीख मिळते, त्यांनी ती चुकवू नये. एवढंच.