कोचीचा पेपर

आईचे पाय शेवटी समुद्रात बुडाले. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच न्हाई असं समजा, कारण बाबांच्या वेळापत्रकात ते नव्हतंच.

बाबा, म्हणजे माधवराव, लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. आमची क्रूझ कोचीला फक्त पाच तास थांबणार हे कळताच त्यांनी नऊ ठिकाणांचा अभ्यासक्रम आखला आणि घरच्यांच्या तीन सराव परीक्षा घेतल्या. लातूरचं बसस्टँड म्हणजे बंदर, गंजगोलाईचा बाजार म्हणजे किल्ला. आई दोनदा नापास झाली, कारण ती मधेच भाजी घेत बसली. तिचं मागणं एकच होतं: समुद्रात जरा पाय बुडवायचे.

"अभ्यासक्रमात न्हाई," बाबा म्हणाले.

कोचीला उतरताच बाबांनी धक्क्यावर प्रश्नपत्रिका वाटल्या. प्रत्येक ठिकाणी आधी पेपर, मग तपासणी, मग चुकांची उजळणी. साडेतीन तासांत दोन ठिकाणं झाली. उजळणी मात्र लई पक्की झाली.

तिसरं ठिकाण समुद्राला लागूनच होतं. आईने कोरा कागद बाबांच्या हातात दिला.

"अगं, काय करायलीस तू? अजून दीड तास बाकी हाय!"

"माझा पेपर झाला, सर. चालले मी."

तिने साडी घोट्यापर्यंत उचलली आणि सरळ पाण्यात गेली.

जहाजावर परतताच बाबांनी अर्ज लिहिला:

'मा. कप्तानसाहेब, उर्वरित सात ठिकाणांची फेरपरीक्षा घ्यावी, आणि परीक्षाकाळात समुद्र केंद्रापासून दोनशे मीटर दूर ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.'